ऊस गोड, पण पाचटाला कूस



अंबड तालुक्यात अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात तिकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या पाहून एखाद्याला वाटते, आपणही सगळे रान उसाखाली आणावे. दुसरा म्हणतो, ऊस म्हणजे पाणीखाऊ पीक, नाव काढू नका. खरे पाहता दोघांचेही निम्मे निम्मे बरोबर आहे.

आधी चांगली बाजू पाहू. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि डाव्या कालव्याने या भागाला बागायत दिली. ऊस हे पीक दणकट. गिऱ्हाईक ठरलेले आणि दराला कायद्याचा आधार. कापसासारखी बाजारात फरफट नाही.

आता दुसरी बाजू. आडसाली ऊस १६ ते १८ महिने रान अडवतो. तोवर आठवडी बाजाराला पैसा कुठून आणायचा? २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, ते आठवा. उसालाही पाणी लागतेच. बरे, पाणी भरपूर मिळाले म्हणून मोकाट सोडले, तर निचरा नसलेल्या काळ्या रानात क्षार वर येतात आणि जमीन चोपण होते. म्हणजे ज्या पाण्याने घर उभे राहिले, तेच पाणी रान बिघडवते.

तेव्हा प्रश्न ऊस लावावा की नाही, एवढाच नाही. किती लावावा आणि कशाच्या जोडीने, हा खरा प्रश्न आहे. वैशाखात विहिरीला किती पाणी टिकते ते पाहून तेवढाच ऊस लावा. ठिबक केले तर निम्म्याच्या आसपास पाणी वाचते. पाचट जाळू नका. एकरी ३-४ टन पाचट निघते, ते खोडव्यात सरीत पसरा. ओल टिकते आणि खत होते. खोडवा निघाला की हरभऱ्याचा किंवा तागाचा बेवड करा. उरलेल्या रानात घरापुरती ज्वारी आणि तूर ठेवा. गुरांना कडबा होईल आणि डाळ विकत आणावी लागणार नाही.

हा हिशेब पारावर नको, घरात करा. धान्याचे मडके कधी रिकामे होते, हे घरच्या बाईला नेमके ठाऊक असते. तिला विचारल्याशिवाय बेणे आणू नका.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे आपल्या वाडवडिलांनी उगीच म्हटलेले नाही.