मित्रासोबत भागीदारी करताय? आधी पाच रात्री एका गाडीत काढा



"सर, मी आणि माझा मित्र मिळून दुकान टाकतोय, काही सल्ला द्या." हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. पूर्वी मी भांडवल, जागा, जीएसटी यावर बोलायचो. आता सरळ सांगतो, "आधी दोघं मिळून कमी पैशात पाच-सहा दिवस फिरून या, मग बोलू."

लोकांना वाटतं सर गंमत करतात. गंमत नाही. हे मी स्वतः करून बघितलंय, आणि त्यामुळे माझा मित्र आणि माझं दुकान दोन्ही वाचलं. व्हिडिओमध्ये थोडक्यात सांगितलं होतं, इथे हिशोबासकट सांगतो.

आम्ही का निघालो?

माझा हा मित्र कॉलेजपासूनचा. बीडमध्ये चांगल्या रस्त्यावर त्याचा एक गाळा रिकामा पडून होता. माझ्याकडे दुकानदारीचा अनुभव होता. ठरलं काय, तर चादर, टॉवेल, बेडशीटचं दुकान टाकायचं. गाळा त्याचा, मेहनत माझी, माल दोघांच्या पैशातून आणि नफा निम्मा-निम्मा. कागद वगैरे काही नाही. "आपल्यात कशाला कागद?" हे वाक्य दोघांनीही म्हटलेलं.

माल बघायला सोलापूरला जायचंच होतं. मित्राचं जुनं स्वप्न म्हणजे इटलीत भाड्याची गाडी घेऊन फिरायचं. विमानाच्या तिकिटाचा भाव बघून आम्ही जमिनीवर आलो. तो म्हणाला, "इटली राहू दे. सोलापूरपर्यंत जातोच आहोत, तर पुढं कोकण करून येऊ." गाडी त्याची, जुनी पेट्रोलची.

रस्ता असा ठरला: बीड, तुळजापूर, सोलापूर. मग मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर. तिथून आजरा, आंबोली घाट उतरून सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण. येताना फोंडा घाट चढून परत कोल्हापूर, पंढरपूर आणि बार्शीमार्गे घरी. सहा दिवस, पाच रात्री, साधारण १,२०० किलोमीटर.

बजेट आणि खरा खर्च

दोघांचं मिळून बजेट १६,००० रुपये. झालं ते असं:

- पेट्रोल: ठरवले ७,०००, लागले ७,४५०
- मुक्काम: ठरवले ४,५००, लागले ४,१००
- जेवण-चहा: ठरवले ३,६००, लागले ४,३५०
- टोल-पार्किंग: ठरवले ९००, लागले १,०५०
- पंक्चर आणि किरकोळ दुरुस्ती: धरलेच नव्हते, लागले ४५०

एकूण १७,४००, म्हणजे १,४०० रुपये जास्त. पहिला धडा इथेच लिहून घ्या. जे आधी दिसत नाही त्यासाठी दहा टक्के बाजूला ठेवायचेच, सहलीतही आणि दुकानातही. दुकानात पंक्चर होत नाही, पण शटर अडकतं, मीटर जळतं, माल भिजून येतो.

पण खरी गडबड आकड्यांत नव्हती. पैसे कोण देणार हे आम्ही ठरवलंच नव्हतं. ज्याचा फोन हातात तो स्कॅन करायचा. शेवटी बघू, असं चाललं होतं.

सोलापूर: पहिली खूण, मी दुर्लक्ष केलं

सोलापुरात टॉवेल-चादरीचा माल बघितला. व्यापाऱ्याने डझनाचा भाव सांगितला, गठ्ठ्याचा सांगितला, रोखीचा वेगळा आणि उधारीचा वेगळा. मी खूश. पंचेचाळीस दिवसांची उधारी मिळत होती. मित्राचा चेहरा मात्र उतरला. बाहेर आल्यावर म्हणाला, "उधारी नको रे. लोकांचं देणं डोक्यावर असलं की मला झोप येत नाही." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "धंद्यात हे चालतंच."

मंडळी, माणूस कधीकधी एका वाक्यात सगळं सांगून जातो. आपणच ऐकत नाही.

कोल्हापूर: नोंद असली की बोलता येतं

कोल्हापुरात चप्पल घेतली आणि दुकानदाराशी गप्पा रंगल्या. विषय इटलीचाच निघाला, बघा योगायोग! जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या मोठ्या कंपनीने कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल दाखवली, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. इकडे ओरड झाली. नंतर कंपनीला मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेचीच होती.

आपल्या लोकांना इतक्या ठामपणे बोलता आलं, कारण कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालेलं आहे. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे नोंदलेले आहेत. चप्पल शेकडो वर्षांची असेल, पण वादाच्या वेळी हातात नोंद लागते.

हे मी मित्राला मोठ्या तोंडाने समजावून सांगितलं. आणि आमची स्वतःची नोंद? एका ओळीचीही नव्हती.

मालवण: २८० रुपयांचं भांडण

सावंतवाडीत पोचायला रात्र झाली. मला वाटायचं, जाऊन घासाघीस करून खोली घेऊ. त्याला आधीच बुक केलेली हवी होती. दीड तास फिरलो, तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी मालवणला जेवायला बसलो. मी शाकाहारी, तो पट्टीचा मासे खाणारा. त्याची सुरमईची थाळी आणि माझी साधी थाळी यात दुपटीहून जास्त फरक, आणि बिल मात्र निम्मं-निम्मं. मी काही बोललो नाही. मनात मात्र लिहून ठेवलं.

रात्री खोलीवर माझ्या तोंडून निघालंच, "माझ्या वरणभाताला तुझ्या माशाचा भाव पडतोय."

तो उठून बसला. "आणि गाडी कुणाची? टायर कुणाचे झिजले? आंबोलीचा घाट कुणी उतरवला? मी काढलं का तोंडातून?"

अर्धा तास आम्ही जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तोच म्हणाला, "वही काढ."

वही काढली. त्याच्या माशांचा जादा खर्च ६४० रुपये, त्यातले ३२० माझ्या खिशातून गेलेले. गाडीची झीज किलोमीटरला एक रुपया धरली, सगळ्या प्रवासाचे १,२०० झाले, त्यातले ६०० माझ्याकडे निघाले. वजाबाकी केली. मी त्याला द्यायचे २८० रुपये.

दोनशे ऐंशी! एवढ्यासाठी दोन मित्र तोंड फिरवून बसले होते. दोघेही हिशोब ठेवत होतो, पण मनात. मनातल्या हिशोबाला दुसऱ्याची सही नसते, आणि त्यावर व्याज मात्र रोज चढतं.

पंढरपूर: खरा प्रश्न

शेवटचा मुक्काम पंढरपूरला, एका मठात ६०० रुपयांत खोली. तिथे मी त्याला सरळ विचारलं, "या दुकानात किती पैसे बुडाले तरी तुला झोप लागेल?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "वीस हजार. त्याच्यावर नाही."

माझा आकडा होता दोन लाख. म्हणजे निम्मी-निम्मी भागीदारी होणारच नव्हती. मी विचारलं, "मग आधी का नाही बोललास?" म्हणाला, "तू इतका उत्साहात होतास. नाही म्हणायची लाज वाटली."

त्याला हवं होतं महिन्याला ठरलेलं उत्पन्न. मला हवी होती जोखीम घ्यायची मोकळीक. मग भागीदारी कशाला? गाळा मी भाड्याने घेतला. लेखी लिव्ह अँड लायसन्स करार केला आणि नोंदवला. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी जागामालकाची आहे. दुकान माझं, उधारी माझी, तोटाही माझा. दर महिन्याला भाडं त्याच्या खात्यात जातं. आणि रविवारी मी अजूनही त्याच्या घरी जेवायला असतो.

कागद नसेल तर कायदा काय म्हणतो?

तोंडी भागीदारीही कायद्याने भागीदारीच असते. मग १९३२ चा भागीदारी कायदा लागतो. त्यातल्या या गोष्टी माहीत पाहिजेत:

- वेगळं ठरलेलं नसेल तर नफा आणि तोटा समान वाटला जातो, भांडवल कुणाचं कितीही असो.
- वेगळं ठरलेलं नसेल तर दिवसभर दुकानात राबणाऱ्या भागीदाराला पगार मागता येत नाही.
- फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो. मित्राने दुकानासाठी उधारीवर माल उचलला, तर व्यापारी सगळे पैसे तुमच्याकडूनही मागू शकतो.
- फर्म नोंदणीकृत नसेल, तर करारातले पैसे वसूल करायला तिला बाहेरच्यांवर दावा लावता येत नाही.

म्हणजे आमचं जुनं "आपल्यात कशाला कागद" तसंच चाललं असतं, तर वीस हजारांवर झोप उडणारा माझा मित्र माझ्या लाखोंच्या उधारीत अडकला असता. त्याला ते कळलंही नसतं.

आता तुम्ही काय करायचं?

१. मित्रासोबत चार-पाच दिवस कमी बजेटमध्ये फिरा. अष्टविनायक करा, कोकण करा, कुठेही.
२. निघताना दोघांनी सारखी रक्कम एका पाकिटात टाका. खर्च त्यातूनच.
३. रोज रात्री दहा मिनिटं वही. सामाईक काय, वैयक्तिक काय, तिथेच ठरवा.
४. गाडी, जागा, ओळख, वेळ यांचीही किंमत लावा. फुकट काही नसतं.
५. शेवटच्या रात्री तो प्रश्न विचारा: "किती बुडाले तरी झोप लागेल?" दोघांनी आकडा कागदावर लिहून एकाच वेळी दाखवा.

आकडे जवळपास असतील तर भागीदारीचा करार करा आणि फर्म नोंदवा. आकड्यांत फार अंतर असेल तर दुसरा मार्ग शोधा. भाडं, पगार, कमिशन, कितीतरी पद्धती आहेत. भागीदारीला नाही म्हटलं म्हणून मैत्री तुटत नाही, ती मनातल्या हिशोबाने तुटते.

आणि हो, ते २८० रुपये मी बार्शीच्या अलीकडे, चहाच्या टपरीवर दिले. त्याने घेतले आणि त्यातूनच चहा पाजला. वहीत लिहून!

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण लिहून करा.