बाईक बनवायचा कार्यक्रम मुलांना दाखवावा का?

उत्तनच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "माझा पंधरा वर्षांचा मुलगा 'अमेरिकन चॉपर' बघत बसतो. बघू देऊ का?" म्हणून आम्हीही बसून बघितला.

डिस्कव्हरीवरचा हा २००३ पासूनचा कार्यक्रम. बाप-लेक कारखान्यात पुढचं चाक लांब काढलेल्या मोटारसायकली घडवतात. पत्रा कापणं, वेल्डिंग, रंगकाम, सगळं दिसतं. बघून कोणाला आयटीआयला जावंसं वाटलं तर बरंच आहे. पण दोघं एवढे भांडतात, शिव्या देतात, की आपल्या नळावरची भांडणं बरी! लहानग्यांना नकोच. मोठ्यांना दाखवा, पण सोबत बसून.

खरा घोर पुढेच आहे. आपल्याकडे गाडीत मनाला येईल तसा बदल चालत नाही. मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. वर मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पंचवीस हजार, म्हणजे गटातून काढलेलं अख्खं कर्ज!

त्या ताईंनी गाडीची किल्ली आता तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. कार्यक्रम मात्र मायलेक मिळून बघतात.