सात विरुद्ध दोन

लोकमान्य टिळकांवर १९०८ साली मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. ‘केसरी’तले लेख मराठीत, ज्यूरींपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं. सात युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवलं, दोघा पारशांनी निर्दोष. बहुमताचा कौल न्या. दावर यांनी मानला. सहा वर्षं काळं पाणी! १८९७ च्या खटल्यातही कौल असाच फुटला होता: सहा विरुद्ध तीन.

अशा कौलांत पूर्वग्रह दरवेळी जाणूनबुजूनच डोकावतो असं नाही. एकाच साच्यातली माणसं एकमेकांना प्रश्नच विचारत नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल सोमर्स यांनी २००६ साली लुटुपुटीच्या ज्यूरींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मिश्रवर्णीय ज्यूरींनी चर्चा जास्त वेळ केली आणि त्यांतल्या गोऱ्यांच्याही तपशिलाच्या चुका कमी झाल्या.