ट्रेनिंगला निघालेल्या मुलींनो, केसांचं काय करायचं?

मागच्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर घेतलं. बहुतेक मुली पोलीस भरतीची, नाहीतर अग्निवीरची तयारी करणाऱ्या. पहाटे मैदान, दुपारी काम, रात्री पुस्तक. तपासणी आटोपली आणि एकीनं भीतभीत विचारलं, “ताई, ट्रेनिंगमध्ये केस कापतात का हो?” आम्ही उत्तर देण्याआधीच शेजारी बसलेली तिची आई म्हणाली, “कापणार असतील तर नको ती नोकरी. गुडघ्यापर्यंत वाढवलेत मी तिचे केस. उद्या सोयरीक आली तर लोक काय म्हणतील?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केसांपायी घरात भांडणं होतात, मुली निघायच्या आदल्या दिवशी रडतात. ट्रेनिंगला गेल्यावर केस गळायला लागले की घाबरून घरी फोन करतात. म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर याच विषयावर सविस्तर लिहीत आहोत.

कापावेच लागतात का?

पुरुष रिक्रूटांचे केस अगदी बारीक कापतात, हे आपण पाहिलेलं असतं. त्यावरून मुलींचंही तसंच करत असतील अशी भीती बसते. आपल्याकडे वर्दीतल्या स्त्रीसाठी साधारण रीत अशी, की केस कॉलरच्या खाली लोंबता कामा नयेत, चेहऱ्यावर येता कामा नयेत आणि टोपी डोक्यावर नीट बसली पाहिजे. यासाठी वाटा दोन: घट्ट बसेल असा नीटस अंबाडा, नाहीतर मानेच्या वरपर्यंत कापलेले आखूड केस. प्रत्येक दलाच्या आणि प्रत्येक केंद्राच्या सूचना थोड्या वेगळ्या असतात. म्हणून हजर होण्याच्या पत्रासोबत आलेला सूचनांचा कागद आधी वाचा. मैत्रिणीच्या मैत्रिणीनं सांगितलं म्हणून घाईनं कात्री लावू नका.

मुलींसाठी हे रस्ते नवे आहेत. लष्कराच्या सैनिकी पोलीस दलात शिपाई म्हणून ८३ मुलींची पहिली तुकडी बंगळुरूच्या केंद्रात ६१ आठवड्यांचं ट्रेनिंग पुरं करून मे २०२१ मध्ये बाहेर पडली. आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली २०२२ साली पहिल्यांदा दाखल झाल्या, आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी संचलन करून बाहेर आल्या. त्यामुळे घरात, नात्यात विचारायला अनुभवी बाई सापडत नाही. आईलाही माहीत नसतं आणि आजीलाही नाही.

लांब ठेवावेत की आखूड करावेत?

निर्णय मुलीचा. आम्ही फक्त हिशेब मांडतो. ट्रेनिंगमध्ये सकाळी उठल्यापासून मैदानावर उभं राहीपर्यंत हातात मोजकी मिनिटं असतात. त्यात तोंड धुणं, अंथरूण घडी करणं, वर्दी, बूट आणि केस. दिवसभर घाम, धूळ, डोक्यावर टोपी किंवा हेल्मेट. न्हायला पाणी आणि वेळ दोन्ही बेताचे. कमरेखालचे केस वाळायला तास-दोन तास लागतात, खांद्यापर्यंतचे लवकर वाळतात.

म्हणून मधला मार्ग बऱ्याच जणींना सोयीचा पडतो: केस खांद्याच्या थोडे खाली, पाठीच्या वरच्या भागापर्यंत ठेवायचे. अंबाडा छोटा होतो, हेल्मेट बसतं, आणि डोक्यावर भारही कमी पडतो. फार आखूड आणि फार लांब यांच्यामधली लांबी मात्र त्रासाची. ना बांधता येते, ना मोकळी सोडता येते. कापायचेच असतील तर निघण्याआधी तीन-चार आठवडे कापा, म्हणजे बांधायची सवय घरीच होते. निघायच्या तोंडावर पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेऊ नका. रसायनानं कमजोर झालेले केस रोज ताणून बांधले की तुटतात, आणि पैसेही वाया जातात.

अंबाडा कसा बांधायचा?

आरशात न बघता, पाच मिनिटांत बांधता आला पाहिजे. ही सवय घरीच करा.

केस पूर्ण कोरडे असू द्या. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. शिवाय ओले केस दिवसभर बांधून ठेवले की डोक्याला कुबट वास येतो, खाज सुटते, कोंडा वाढतो. जाड दातांच्या कंगव्यानं आधी टोकाकडचा गुंता काढा, मग वर या. केस मानेजवळ, कवटीच्या उंचवट्याच्या खाली गोळा करा. अंबाडा वर बांधला की टोपी पुढे सरकते आणि हेल्मेट डोळ्यांवर येतं. जमिनीवर पडून नेम धरताना तर मान वर करणंच अवघड होतं. कापड गुंडाळलेलं रबर वापरा. पुड्या बांधायचं बारीक रबर केस कापतं. मग पीळ देऊन गोल गुंडाळा, काळी जाळी चढवा आणि यू आकाराच्या पिना लावा. पिनेचं टोक टाळूत रुतता कामा नये. हेल्मेटखाली तीच पिन दिवसभर टोचत राहते.

अंबाडा घट्ट हवा, पण कपाळाची कातडी ताणली जाईल इतका नको. ओळखायची खूण सोपी आहे. बांधल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या किंवा डोकं ठणकू लागलं, तर सैल करा.

रोजच्या ताणानं काय होतं?

केस रोज एकाच जागी, एकाच दिशेनं ओढला गेला की त्याच्या मुळाला इजा होते. सुरुवातीला कानशिलाजवळ आणि कपाळाच्या कडेला दुखतं, बारीक लाल पुटकुळ्या येतात, मग तिथले केस विरळ होतात. याच टप्प्यावर ताण थांबवला तर केस परत येतात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर मूळच मरतं आणि तिथे केस पुन्हा उगवत नाहीत. म्हणून दर रविवारी कानशिलं आरशात नीट पाहा, किंवा मैत्रिणीला बघायला सांगा. रात्री झोपताना अंबाडा सोडा आणि सैल वेणी घाला. भांग अधूनमधून बदला.

हा त्रास जगभरच्या वर्दीतल्या बायकांना झाला आहे. अमेरिकेच्या सैन्यात बायकांनी वर्षानुवर्षं घट्ट अंबाडेच बांधले. डोकेदुखी, विरळ झालेले केस, न बसणारं हेल्मेट अशा तक्रारी साचत गेल्या. शेवटी २०२१ मध्ये तिथल्या हवाई दलानं आणि लष्करानं नियम सैल करून वेणी आणि पोनीटेलला परवानगी दिली. त्याआधी २०१४ मध्ये तिथे आणखी एक वाद झाला होता. कृष्णवर्णीय स्त्रियांचे दाट कुरळे केस ज्या पद्धतीनं बांधले जातात, त्यांतल्या काहींवर लष्करानं बंदी घातली आणि नियमात ‘गुंतलेले, अस्ताव्यस्त’ असे शब्द वापरले. त्या स्त्रियांनी आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला. त्याच वर्षी ते शब्द काढावे लागले आणि काही बंद्याही उठल्या. वर्दीतला नियम दगडावरची रेघ नसतो. त्रास नीट शब्दांत, योग्य ठिकाणी मांडला तर नियम बदलतो, हे यातून घ्यावं.

न्हाणं, तेल आणि कोंडा

आठवड्यातून दोनदा न्हायला मिळालं तर पुरेसं आहे. तीनदा मिळालं तर उत्तम. शाम्पू केसांना नाही, टाळूला चोळायचा. कपड्याच्या साबणानं डोकं धुऊ नका. खोबरेल तेल न्हाण्याच्या आदल्या रात्री थोडं लावा, सकाळी धुऊन टाका. तेल थापून मैदानावर गेलं की धूळ चिकटते, कपाळावर पुटकुळ्या येतात आणि कोंडा असेल तर तो वाढतो.

कोंडा वाढलाच तर किटोकोनाझोल २ टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे वापरावा. लावून पाच मिनिटं थांबायचं आणि मग धुवायचं. डोक्यात गोल चट्टा पडला, तिथले केस तुटले, पू आला, तर तो कोंडा नाही. ते गजकर्ण असू शकतं. त्याला पोटातून औषध लागतं. दुकानदारानं दिलेली मलमाची ट्यूब चोळत बसू नका, ट्रेनिंगच्या दवाखान्यात दाखवा.

उवा झाल्या तर

बराकीत खाटेला खाट लागून असते. डोक्याला डोकं लागलं की उवा एकीकडून दुसरीकडे जातात. स्वच्छ डोक्यातही जातात. म्हणजे उवा होणं हा अस्वच्छतेचा शिक्का नाही आणि आपल्या वस्तीचाही नाही. कुणी तसं बोललं तर मान खाली घालू नका.

परमेथ्रिन १ टक्का हे औषध धुतलेल्या, किंचित ओल्या केसांना लावा आणि दहा मिनिटांनी धुवा. लिखा मरत नाहीत, म्हणून साधारण नऊ दिवसांनी पुन्हा लावायचं. दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा. फणी, टोपी, टॉवेल आणि उशी कुणाला देऊ नका. खोलीतल्या सगळ्या जणींनी एकाच दिवशी डोकी तपासली तर उवांचा फेरा तुटतो. रॉकेल मात्र कधीही लावू नका. कातडी भाजते आणि आग लागून जीवही जाऊ शकतो.

आणि एक गोष्ट. अंबाडा दिवसेंदिवस न सोडता तसाच ठेवला, न्हाणं चुकलं, तर केसांचा गुंता होतो आणि तो वाढला की जट होते. कुणी म्हणेल देवी आली, कापू नको. देवीचा त्यात काही संबंध नाही. घाम, तेल, धूळ आणि न विंचरलेले केस एवढंच त्यामागचं कारण. सुटला तर गुंता तेल लावून हळूहळू सोडवा, नाही सुटला तर निर्धास्त कापा. याच जटेच्या भीतीनं आपल्या कितीतरी आयाबहिणींना देवाला सोडलं गेलं, हे विसरू नका.

केस गळताहेत, म्हणजे परत यायचं का?

नाही. रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच आहे. ट्रेनिंग सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जाऊ लागले तर घाबरू नका. अंगावर एकदम आलेले श्रम, कमी झालेलं वजन, अपुरी झोप, मध्येच येऊन गेलेला ताप, यांचा हा उशिरानं दिसणारा परिणाम असतो. अंगाला सवय झाली, जेवण सुधारलं की बहुतेकींचे केस सहाएक महिन्यांत परत भरतात.

पण रक्त तपासून घ्या. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर केस तर जातातच, पण धावताना धापही लागते. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. भरतीच्या तयारीतच त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरू करा. जेवणात डाळ, उसळ, अंडी, पालेभाजी, सुकट, जमेल तेव्हा कलेजी असू द्या. वर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर तासाभरानं घ्या. पाळीत अंगावरून फार जात असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. केस वाढवायच्या महागड्या गोळ्यांपेक्षा हे उपाय कितीतरी स्वस्त आणि खरे आहेत.

पेटीत काय ठेवाल?

जाड दातांचा कंगवा आणि बारीक फणी. कापडी रबरं आठ-दहा, कारण ती हरवतात. काळ्या जाळ्या तीन-चार, यू पिनांची दोन पाकिटं, साध्या काळ्या पिना. शाम्पूच्या पुड्या, खोबरेलाची छोटी बाटली, स्वतःचा टॉवेल आणि उशीचे दोन अभ्रे. सगळ्यावर नाव लिहा.

त्या दिवशी अभ्यासिकेत आम्ही त्या आईला हेच सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे कापलेच तरी परत येतील ना?” आम्ही म्हणालो, “केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, मावशी. भरतीचं वय मात्र मागे येत नाही.” ती काही बोलली नाही. मुलीचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं होतं. तिनं तो कागद घडी करून पदरात बांधला आणि विचारलं, “गोळ्या कुठल्या दिवशी मिळतात?”

तुमच्याही घरातली मुलगी ट्रेनिंगला निघाली असेल तर आधी तिचं रक्त तपासा. केसांचं तिला ठरवू द्या.