बधिर पाऊल आणि शल्यचिकित्सकांची संघटना

इंडियन फूट अँड अँकल सोसायटी ही पाऊल व घोटा यांच्या शल्यचिकित्सकांची संघटना होय. कल्याणच्या पत्रीपूल परिसरातील हनुमाननगर कुष्ठवसाहतीचा विचार करता या शाखेची निकड विशेष जाणवते. बहुविध औषधोपचाराने कुष्ठजंतू नष्ट होतात. तळव्याची गेलेली संवेदना मात्र बहुधा परतत नाही. खडा रुतला तरी कळत नाही, त्याच जागी वारंवार दाब पडून व्रण होतो. बोटे आपोआप झडतात, हा समज वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी खोडून काढला. लोंबणारे पाऊल उचलता यावे म्हणून पोटरीतील एका स्नायूची कंडरा पुढे वळवून जोडतात. तथापि शस्त्रक्रियेनंतरही मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल आवश्यकच असते. संघटनेने, आमच्या मते, चप्पल बनविणाऱ्या कारागिरासही आपल्या परिषदेत स्थान द्यावे.