दिवा विझवायचा की गाडी बरी करायची?



रविवारी मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये सर्वांत जुनी गाडी दिसली, की ती आमची समजावी. १९९८ सालची आहे, म्हणजे आमच्या कन्येपेक्षा कितीतरी मोठी! गेल्या वर्षी स्मॉग चेकला महिनाच उरला असताना तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. इथे कॅलिफोर्नियात अशा जुन्या गाड्यांच्या धुराची दर दोन वर्षांनी तपासणी होते. हा दिवा लागलेला असला की गाडी नापास, आणि नापास गाडीचे रजिस्ट्रेशन होत नाही.

त्या दिव्यामागे होता बोटाएवढा एक भाग. त्याचे नाव ऑक्सिजन सेन्सर. आज त्याची ओळख करून घेऊ.

इंजिन म्हणजे चूलच

तुमच्यापैकी काहींनी आजोळी चूल पाहिली असेल. हवा कमी पडली की चूल धुमसते, डोळे चुरचुरतात आणि भांड्याला काजळी धरते. मग आजी फुंकणीने फुंकर घालते आणि जाळ स्वच्छ होतो.

गाडीच्या इंजिनातही हेच चालते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली तर अर्धवट जळलेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. हवा थोडी जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. या तिन्ही घाणेरड्या वायूंना निरुपद्रवी करण्यासाठी धुराच्या पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. पण तिन्ही वायूंचा समाचार तो एकदम घेऊ शकतो, ते हे १४.७ चे प्रमाण सांभाळले तरच.

आमटी चाखणारी जीभ

हे प्रमाण सांभाळायचे कसे? आई आमटी करते तेव्हा मीठ मोजून घालत नाही. घालते, चाखते, कमी वाटले तर पुन्हा घालते. गाडीतला कॉम्प्युटर तसेच करतो. पेट्रोल सोडतो, धूर 'चाखतो' आणि पेट्रोल कमी-जास्त करतो. ऑक्सिजन सेन्सर ही त्याची जीभ!

सेन्सरच्या आत झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची टोपी असते. टोपीच्या बाहेरून धूर जातो आणि आत बाहेरची ताजी हवा असते. टोपी सुमारे ३०० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापली, की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे तिच्यात वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झाले असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्ट. टॉर्चचा साधा सेलसुद्धा १.५ व्होल्टचा असतो. एवढ्याशा विजेवर सारा कारभार!

जर्मनीच्या बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली प्रथम व्होल्व्होच्या गाड्यांत बसला. पेट्रोलमधले शिसे मात्र सेन्सर आणि कन्व्हर्टर दोघांचाही घात करते. म्हणूनच १९९५ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा तिथे शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत कन्व्हर्टरच्या पुढे आणखी एक सेन्सर असतो. पहिला आमटी चाखतो, तर दुसरा कन्व्हर्टरचे काम तपासतो. पहिल्याचा आकडा सारखा वरखाली होत असतो. कन्व्हर्टर ठणठणीत असेल तर दुसऱ्याचा आकडा बराचसा स्थिर राहतो. तोही पहिल्यासारखा नाचू लागला की कॉम्प्युटर दिवा लावतो. आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते.

न चाखताच 'वा, छान!'

एका ओळखीच्या गृहस्थांनी आम्हाला सोपा उपाय सांगितला. सिम्युलेटर नावाची छोटीशी डबी मिळते. ती सेन्सरच्या जागी जोडली, की 'सगळे उत्तम आहे' असा खोटा संदेश कॉम्प्युटरला पाठवत राहते. दिवा लागतच नाही.

खरे सांगायचे तर आम्हाला मोह झाला. कन्व्हर्टर बदलायचा तर खर्च मोठा होता. शिवाय सिम्युलेटर हे काही आमच्या लेखी वाईट नाव नव्हे. ऑफिसात आम्ही रोज सिम्युलेटर वापरतो. खरे यंत्र जोडण्याआधी खोटे संदेश देऊन प्रोग्रॅम तपासतो. गॅरेजमध्येही मेकॅनिक सेन्सरऐवजी ठरावीक संदेश देऊन तारा आणि कॉम्प्युटर ठीक आहेत का ते पाहतात आणि तपासणी झाली की काढून ठेवतात. ही चाचणी झाली. पण तोच कायमचा जोडून ठेवला, तर तो न चाखताच 'वा, छान!' म्हणणारा पाहुणा झाला. आमटी खारट झाली तरी आईला कळणार नाही. रस्त्यावरच्या गाडीला असे बसवणे अमेरिकेच्या क्लीन एअर अॅक्टनुसार बेकायदाही आहे.

जेवताना हे सगळे बोलत असताना कन्येने विचारले, "बाबा, दिवा विझला म्हणजे गाडी बरी होते का?"

आम्ही काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली.

मेकॅनिकने गाडी वर उचलून पाहिली. कन्व्हर्टर चांगला होता. दुसऱ्या सेन्सरच्या अलीकडे पाइपाच्या सांध्याचे गॅस्केट जळून फट पडली होती. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाई आणि सेन्सरचा आकडा नाचे. त्याच फटीतून धूरही बाहेर पडत होता, आणि तो मागच्या सीटच्या बरोबर खाली! त्या सीटवर आमची मुलगी बसते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आम्ही डबी बसवली असती तर दिवा विझला असता, फट मात्र तशीच राहिली असती. गॅस्केट आणि एक सेन्सर बदलला, आणि गाडी तपासणीत पास झाली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले असल्याने एक गोष्ट विशेष टोचते. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारा प्रोग्रॅम होता. हे २०१५ साली उघडकीस आले. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत तो होता. रस्त्यावर त्यांतल्या काही गाड्या नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडत होत्या. तो प्रोग्रॅम आमच्यासारख्याच कुणी इंजिनिअरांनी लिहिला होता.

पालकांसाठी थोडेसे

जुनी गाडी एकाएकी जास्त पेट्रोल खाऊ लागली, धुराला पेट्रोलचा वास आला किंवा पाइपाच्या तोंडाशी काळी काजळी दिसली, तर सेन्सर तपासून घ्यावा. दिवा लागला की आधी कोड वाचून घ्यावा. पण 'पी ०४२०' म्हणजे कन्व्हर्टर गेलाच, असे लगेच समजू नये. आधी फटी पाहाव्यात, मग सेन्सर, आणि शेवटी कन्व्हर्टर.

मुलांनो, सांगा पाहू!

१. सेन्सर ०.९ व्होल्ट दाखवत असेल तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवील की कमी करील?

२. थंडीत गाडी नुकतीच सुरू केली असताना सेन्सर लगेच काम का करू शकत नाही?

उत्तरे पुढच्या रविवारी वर्गात सांगा. आम्ही पार्किंग लॉटमध्ये असूच, त्या जुन्या गाडीपाशी.