संशोधनाच्या आकड्यांचे कोठार

धान्य पिकविण्यास जितके कष्ट पडतात, तितकीच दक्षता ते साठविताना घ्यावी लागते. बियाण्याच्या पोत्यावरील चिठ्ठी हरवली, तर आतील वाण कोणते हे सांगता येत नाही व ते पेरणीच्या कामी येत नाही. संशोधनातील आकड्यांचेही तसेच आहे.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी वनस्पती व प्राणी यांविषयीच्या ५१६ शोधनिबंधांची मूळ आकडेवारी मिळविण्याचा प्रयत्न केला. त्यांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. निबंध जितका जुना, तितकी आकडेवारी मिळणे दुर्घट, असे तीत आढळले. कित्येक लेखकांचे पत्ते बदलले होते. काही आकडे जुन्या साधनांत अडकले होते व ती वाचणारी यंत्रे हाताशी नव्हती. शेतीच्या बाबतीत ही हानी अधिकच मोठी. कारण होऊन गेलेल्या हंगामाचा पाऊस पुन्हा पाडता येत नाही.

ग्रंथालयाचे नवे कार्य

हे नुकसान टाळण्याचे काम अनेक विद्यापीठांत ग्रंथालयांनी अंगावर घेतले आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात १८६९ साली स्थापन झालेले पर्ड्यू विद्यापीठ हे याचे एक उदाहरण होय. जानेवारी २०११ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने अनुदानाच्या अर्जासोबत आकडेवारीच्या व्यवस्थेचा आराखडा जोडणे आवश्यक केले. असा आराखडा तयार करण्यास पर्ड्यूचे ग्रंथपाल संशोधकांस साहाय्य करतात. आकडे कोण नोंदविणार, कोठे ठेवणार, कोणास पाहता येणार, हे प्रयोगापूर्वीच ठरते.

दुसरे कार्य वर्णनाचे. इंडियानात मक्याचे उत्पादन बुशेलमध्ये मोजतात. एक बुशेल मका म्हणजे ५६ पौंड, अर्थात सुमारे २५.४ किलो, आणि दाण्यात १५.५ टक्के ओलावा धरून हा हिशेब करतात. वहीत नुसते ‘१८०’ लिहिले, तर ते एकरी की हेक्टरी, ओल्या दाण्याचे की वाळलेल्या, हे पुढे कोण सांगणार? म्हणून माप, ठिकाण, तारीख, वाण व पद्धत यांची नोंद आकड्यांसोबतच ठेवण्याचा आग्रह ग्रंथपाल धरतात.

तिसरे कार्य जतनाचे. आकड्यांच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात व एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. विद्यापीठाच्या संग्रहात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक आकडेसंचास कायमचा क्रमांक मिळतो. त्यामुळे साठवणीची जागा बदलली तरी संच सापडतो आणि मूळ संशोधकाचे श्रेयही त्याच्याकडेच राहते.

गावपातळीवर उपयोग

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘कृषिकोश’ या संगणकीय संग्रहात कृषी विद्यापीठांचे प्रबंध जतन केले जातात. परंतु कोठार कितीही पक्के असले, तरी खळ्यावर मिसळलेले धान्य त्यात शिरून वेगळे होत नाही. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवरील नोंदवही हे ते खळे होय. गट क्रमांक, क्षेत्र गुंठ्यांत, पेरणी व कापणीच्या तारखा, वाण, खताची मात्रा आणि वजनाच्या वेळचा ओलावा एवढे जागच्या जागी लिहावे. खाडाखोड न करता चुकीवर एक रेघ मारून दुरुस्ती करावी व वहीची एक प्रत अन्यत्र ठेवावी. अशी नोंद ज्या शेतावर झाली, त्या शेताचा अनुभव पुढील पिढीच्याही उपयोगी पडतो.